वार्ता पाखडून घ्यावी



बेळगाव भागातील एका खेड्यातून एका गृहस्थांचे पत्र आले आहे. त्यांचा थोरला मुलगा शहरात राहून पत्रकारितेचे शिक्षण घेतो. सुट्टीत घरी आला म्हणजे न्याहारीपासून दिवेलागणीपर्यंत मोबाईल त्याच्या हातून सुटत नाही. वडील एकदा चांगलेच रागे भरले, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, हाच माझा अभ्यास आहे." पत्राच्या शेवटी ते गृहस्थ विचारतात, "हा जर अभ्यास असेल, तर आमच्या पारावर बसलेली सगळीच पोरे विद्वान म्हणायची! माझा मुलगा खरे सांगतो, की मला भोळा समजून बनवतो?"

प्रश्न थोड्या विनोदाने विचारलेला असला, तरी तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पूर्वी गावात बातमी येई ती टपालवाल्याबरोबर, किंवा बाजार करून परतणाऱ्या शेजाऱ्याबरोबर. तिला वेळ लागे. आणि ती सांगणारा माणूस कोण, त्याच्या जिभेला हाड आहे की नाही, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. आज व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब, आणि पूर्वी ट्विटर म्हणत ते एक्स, या समाजमाध्यमांतून ती क्षणात प्रत्येकाच्या खिशात येते. मात्र ती मुळात कोणी पाठविली याचा पत्ता नसतो. पत्रकारालाही आता पुष्कळशा बातम्यांचा पहिला सुगावा येथेच लागतो. तेव्हा, महाशय, आपला मुलगा खरे सांगत असण्याचा पुष्कळ संभव आहे. परंतु पारावरच्या पोरांत आणि त्याच्यात काही अंतर असावयास हवे. निरोप हाती आल्यानंतर पहिला काय करतो व दुसरा काय करतो, एवढ्यातच ते अंतर साठविलेले आहे. आणि त्या अंतरावर कधी कधी माणसाचा जीव अवलंबून असतो.

हे अतिशयोक्तीचे बोलणे नव्हे. २०१८ साल आठवा. मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, असे निरोप त्या वर्षी गावोगाव फिरत होते. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, पाच माणसांना जमावाने मारून टाकले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. त्यानंतर बाराच दिवसांनी, १३ जुलैला, आपल्या सीमाभागातच, बिदर जिल्ह्यातील मुरकी गावाजवळ, तसाच प्रकार घडला. हैदराबादहून सहलीस आलेल्या काही तरुणांनी वाटेतल्या शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली. लोकांना संशय आला. तरुण गाडीत बसून निघाले. पण गाडीच्या आधी व्हॉट्सॲपवरचा निरोप पुढच्या गावी पोहोचला होता. रस्ता अडविण्यात आला. ३२ वर्षांचा एक अभियंता मारला गेला, त्याचे सोबती जबर जखमी झाले, आणि त्यांना वाचवू पाहणाऱ्या पोलिसांनाही मार बसला. त्या तरुणांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

लोकांच्या मनात ही भीती भरविली कशाने? त्या दिवसांत एक चित्रफीत घरोघर दाखविली जात होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे एक मूल उचलतात आणि पसार होतात. पाहणाऱ्या आईच्या काळजाचे पाणी व्हावे, असेच ते दृश्य. ज्यांनी तिचा माग काढला, त्यांना निराळेच आढळले. ती फीत हिंदुस्थानातील नव्हतीच. पाकिस्तानात कराची शहरी, मुलांवर लक्ष ठेवा, असे पालकांना बजावण्यासाठी एका संस्थेने ती मुद्दाम तयार करविली होती. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, मूल सुखरूप खाली ठेवतात आणि सावधगिरीचा फलक उलगडून दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला होता! दुसऱ्या एका फितीत ओळीने ठेवलेले बालकांचे मृतदेह दाखवीत. ते चित्र खरे होते. पण ते २०१३ साली सीरिया देशात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील होते. एक शेवट कापलेला, दुसऱ्याचे स्थळकाळ बदललेले. आणि त्यांवर विसंबून येथे निरपराध माणसांचे प्राण गेले.

आता, हा माग काढला कसा, ते पाहू. आपला मुलगा ज्याला अभ्यास म्हणतो तो हाच. फितीतील काही ठळक दृश्ये सुटी करून ती स्थिर चित्रे गूगलसारख्या शोधयंत्राला दिली, म्हणजे तेच चित्र जगात आणखी कोठे व केव्हा प्रसिद्ध झाले आहे, हे ते दाखविते. याला उलटा चित्रशोध म्हणता येईल. त्यातून जुन्यात जुनी प्रत सापडली, की पुष्कळदा खोटेपणा तेथेच उघडा पडतो. या कामाला गुप्तहेराची विद्या लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि पुढे पाठविण्याच्या उतावीळपणाला आवर. राईनपाड्यात वा मुरकीत हा वेळ कोणी काढला नाही.

अशा घटना वाचून कोणी म्हणेल, ही माध्यमेच वाईट. पत्रकाराने त्यांच्या वाटेस जाऊच नये. पण हाही निष्कर्ष उतावीळच होय. याच माध्यमांच्या साह्याने दडपलेले सत्य उजेडात आणल्याचीही उदाहरणे आहेत. त्यांपैकी दोन येथे सांगतो.

पहिले लंडन शहरातील. १ एप्रिल २००९ रोजी, मोठ्या राष्ट्रांच्या पुढाऱ्यांच्या परिषदेविरुद्ध तेथे निदर्शने चालली होती. त्या संध्याकाळी, काम संपवून घरी निघालेला ४७ वर्षांचा एक वृत्तपत्रविक्रेता रस्त्यात कोसळला व मरण पावला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात, त्याला मदत करताना आमच्यावर बाटल्या फेकण्यात आल्या, एवढेच होते. आरंभीच्या शवचिकित्सेत हृदयविकाराचे कारण देण्यात आले. प्रकरण तेथेच मिटले असते. परंतु गार्डियन या वृत्तपत्राचा बातमीदार पॉल लुईस व त्याचे सहकारी यांनी, त्या वेळी त्या रस्त्यावर कोण होते याचा शोध चालू ठेवला. ट्विटरवर व इतरत्र साक्षीदारांना आवाहन केले, लोकांनी काढलेली छायाचित्रे गोळा केली, त्यांवरून तो माणूस कोणत्या वेळी कोठे होता हे जुळविले. अखेर, कामानिमित्त लंडनला येऊन गेलेल्या न्यूयॉर्कच्या एका गृहस्थाने स्वतः टिपलेली फीत वृत्तपत्राकडे दिली. ७ एप्रिलला ती प्रसिद्ध झाली. तीत एक पोलीस त्या माणसाच्या पायावर दंडुका मारून त्याला मागून ढकलून देताना स्पष्ट दिसत होता. पुढे २०११ साली मृत्यूच्या चौकशीत ज्यूरीने ही बेकायदेशीर हत्या ठरविली. त्या पोलिसाला २०१२ साली फौजदारी खटल्यात ज्यूरीने निर्दोष सोडले, परंतु त्याला नोकरीतून काढण्यात आले. आणि २०१३ साली लंडनच्या पोलीस दलाने त्या कुटुंबाची माफी मागितली.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बातमीदाराने समाजमाध्यमांवर काही ऐकून छापले नाही. त्याने तेथे प्रश्न विचारला. गावात दवंडी पिटून, "हे कोणी पाहिले आहे काय?" असे विचारावे, तसा त्याने त्या माध्यमाचा उपयोग केला, आणि उत्तर देणाऱ्याची साक्ष पारखून मगच ती लोकांपुढे ठेविली.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतील कॅमेरून देशाचे. ते ऐकताना मन विषण्ण होते, तरी सांगणे भाग आहे. जुलै २०१८ मध्ये, म्हणजे आपल्याकडे त्या अफवा फिरत होत्या त्याच महिन्यात, तिकडे एक भयंकर फीत पसरली. गणवेशातील काही माणसे दोन स्त्रियांना व दोन लहान मुलांना धुळीच्या वाटेने नेतात आणि गोळ्या घालून ठार करतात. एक तान्हे मूल आईच्या पाठीशीच बांधलेले आहे. हे आमचे सैनिक नव्हेत, ही बातमीच बनावट आहे, असे त्या देशाच्या सरकारने जाहीर केले. खरे काय? कराचीच्या फितीप्रमाणे ही फीतही दुसऱ्याच कोठल्या देशाची असणे अशक्य नव्हते.

बीबीसीच्या आफ्रिका आय या शोधपत्रकारांच्या गटाने, इतर काही अभ्यासकांच्या साह्याने, फितीतील प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला प्रश्न विचारण्यास आरंभ केला. पहिला प्रश्न : हे कोठे घडले? फितीच्या सुरुवातीस पाठीमागे डोंगराची एक रांग दिसते. कॅमेरूनमधील एका माहीतगाराने सुचविलेल्या झेलेव्हेत गावाच्या आसपासचा प्रदेश त्यांनी उपग्रहाच्या चित्रांत पाहिला. आणि डोंगराची चढउताराची रेषा तंतोतंत जुळली. ती जागा देशाच्या अगदी उत्तरेकडील टोकास, नायजेरियाच्या सीमेजवळ होती. मग घरे, झाडे, वाटा एकेक करून जुळविल्या.

दुसरा प्रश्न : हे केव्हा घडले? फितीत दिसणारे एक घर वेगवेगळ्या महिन्यांच्या उपग्रहचित्रांत कधी उभे आहे व कधी नाही, हे त्यांनी पाहिले. उन्हाळ्यातच दिसणारी एक पायवाट हेरली. शेवटी चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्या मोजल्या. सावली पाहून किती वाजले हे ओळखणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटावयाचे नाही. सूर्य कोणत्या दिवशी कोणत्या उंचीवर असतो, याचे गणित पक्के असते. त्या गणितावरून २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ यांमधील दिवस निघाला.

तिसरा प्रश्न : हे कोणी केले? सैनिकांच्या हातातील एक बंदूक अशी होती, की ती कॅमेरूनच्या सैन्यातील काही थोड्या तुकड्याच वापरीत. आमचे सैनिक त्या भागात असा गणवेश घालीत नाहीत, हे सरकारचे म्हणणेही त्यांनी जुन्या चित्रांशी ताडून पाहिले. ते टिकले नाही. त्यातच ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने आपला सूर बदलून सात सैनिकांना अटक झाल्याचे सांगितले. सप्टेंबरमध्ये या पत्रकारांनी आपला सारा तपास पुराव्यांनिशी लोकांसमोर मांडला, आणि तो मांडला ट्विटरवरच, पायरीपायरीने, कोणालाही पडताळून पाहता येईल असा. २०२० च्या सप्टेंबरात याऊंदे येथील लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना १० वर्षांची व एकाला २ वर्षांची शिक्षा दिली. दोघांना सोडून दिले.

वाचकहो, या दोन फिती एकमेकींशेजारी ठेवून पाहा. एक कराचीची, दुसरी कॅमेरूनची. दोन्ही एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या माध्यमातून, हातोहात पसरल्या. पहिली खरी म्हणून फिरत होती, ती खोटी निघाली. दुसरीला खोटी म्हणून झिडकारण्यात आले, ती खरी निघाली. पहिलीला कोठे, केव्हा, कोणी हे तीन प्रश्न वेळेवर कोणी विचारले नाहीत, म्हणून निरपराध मेले. दुसरीला ते विचारले गेले, म्हणून मेलेल्या त्या दोन माता व दोन बालके यांना, उशिरा का होईना, थोडा तरी न्याय मिळाला. आमच्या मते पत्रकाराच्या साऱ्या विद्येचे सार यात आहे. समाजमाध्यमांतून जे हाती येते, ते खळ्यावरच्या धान्यासारखे असते. त्यात दाणाही असतो, भूसही असते आणि खडेही असतात. खळ्यावरून उचलून कोणी थेट पानात वाढीत नाही. आधी सूप हाती घ्यावे लागते.

हे सूप शिकलेल्या माणसाच्या हातूनही कधी सुटते, हे मात्र कबूल केले पाहिजे. १५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे शर्यतीच्या वेळी बाँबस्फोट झाले. अपराधी कोण, हे शोधण्यासाठी हजारो लोक इंटरनेटवर छायाचित्रे चाळू लागले. त्या भरात, काही आठवड्यांपासून बेपत्ता असलेल्या एका निरपराध विद्यार्थ्याचे नाव पुढे आले, आणि काही व्यावसायिक पत्रकारांनीसुद्धा ते ट्विटरवर पुढे रेटले. मुलाच्या शोधात आधीच व्याकूळ झालेल्या कुटुंबावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. खरे आरोपी निराळेच निघाले. त्या मुलाचा मृतदेह काही दिवसांनी नदीत सापडला. ज्या संकेतस्थळावर हे नाव पिकले, त्या रेडिटच्या चालकांनी नंतर जाहीर क्षमा मागितली. पण त्या आईबापांनी ते दिवस कसे काढले असतील, ते त्यांनाच ठाऊक. पुष्कळ लोक एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी ठरत नाही. दहा जणांनी एकाचेच ऐकून सांगितले असेल, तर साक्षीदार एकच, दहा नव्हेत.

पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींसाठी काही व्यावहारिक गोष्टी येथे नोंदवितो. चित्र वा फीत हाती आली, की ज्याने ती पाठविली त्याला नव्हे, तर ज्याने ती स्वतः काढली त्याला गाठावे. दूरध्वनीवर तरी त्याच्याशी बोलावे. तू कोठे उभा होतास, आधी काय झाले, नंतर काय झाले, असे विचारावे. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला हे सांगता येते; ज्याने नुसते पुढे ढकलले तो अडखळतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या छायाचित्रातून ते केव्हा व कोणत्या यंत्राने काढले याची आतील नोंद निघून जाते; म्हणून मूळ प्रतच मागून घ्यावी. फितीतील दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक, लोकांची बोली व हवामान हे सारे त्या ठिकाणाशी व त्या दिवसाशी जुळते का, ते पाहावे. आजकाल माणसाचा चेहरा व आवाज यांचीही हुबेहूब नक्कल यंत्राकडून करून घेता येते. तेव्हा, मी डोळ्यांनी पाहिले, एवढ्यावर यापुढे भागणार नाही. दुसरा, स्वतंत्र पुरावा हवाच.

साक्षीदाराचीही काळजी वाहावी. पुरात वा अपघातात सापडलेल्या माणसाला, "तुमची फीत आम्हांला द्या," असे म्हणण्यापूर्वी, "आपण सुखरूप आहात ना?" हे विचारणे माणुसकीचे आहे. त्याच्या परवानगीवाचून त्याचे चित्र वापरू नये. नाव छापल्याने त्याला धोका होणार असेल तर ते झाकावे. आणि एवढे करूनही चूक झालीच, तर ज्या ठिकाणी ती केली त्याच ठिकाणी, तितक्याच ठळकपणे, ती कबूल करावी. गुपचूप पुसून टाकलेली चूक दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये जिवंतच राहते.

पण हे सारे पत्रकारांनी करावे आणि आपण घरी बसून वाटेल ते पुढे पाठवीत राहावे, असे होऊन चालणार नाही. २०१८ च्या त्या घटनांनंतर व्हॉट्सॲपच्या चालकांनी आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे बंधन घातले. २०२० साली, पुष्कळदा फिरून आलेल्या निरोपांना ते एकाच ठिकाणापुरते आणले. यंत्राने घातलेला हा बांध ठीकच आहे. परंतु यंत्राला भले व बुरे यांतील भेद कळत नाही. तो कळतो आईला, बापाला, शेजाऱ्याला. ज्या निरोपाने एकाएकी राग येतो किंवा भीती वाटते, ज्यात कोणा परक्या माणसाकडे, भिक्षेकऱ्याकडे, दुसऱ्या जातीच्या वा धर्माच्या लोकांकडे बोट दाखविलेले असते, तो निरोप रात्रभर आपल्यापाशीच ठेवावा. सकाळी पोलीस ठाण्यात किंवा जाणत्या माणसाकडे विचारावे. उशिराने कोणाचे फारसे बिघडत नाही. मुरकीच्या वाटेवर एका निरोपाला तासाभराचा उशीर झाला असता, तर एक तरुण त्या रात्री आपल्या घरी पोहोचला असता.

आता आमच्या पत्रलेखक गृहस्थांना उत्तर. महाशय, मुलावर एकदम रागावू नका. रात्री जेवणे आटोपली, की त्याला जवळ बसवून तीन प्रश्न विचारा : बाळ, आज तू कोणता निरोप तपासलास? तो मुळात निघाला कोठून? आणि तो खरा की खोटा, याची तुझी खात्री कशी पटली? त्याने या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नीट दिली, तर तो खरोखरच अभ्यास करीत आहे. त्याला करू द्या, आणि जमल्यास घरातल्या इतरांनाही ते शिकवायला सांगा. गावात उद्या अफवा आली, तर तोच मुलगा सर्वांच्या कामी येईल.

मात्र उत्तर देताना तो अडखळला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल कोनाड्यात ठेवून, त्याच्या हाती खुशाल कुदळ द्या.